वाडीतली शाळा समूह शाळेत जाऊ नये म्हणून: पट, पाखाडी आणि मूलनिहाय नोंदी

गावाला एक शाळा हा हिशेब कोकणात कधी जमलाच नाही. दोन वाड्यांच्या मध्ये पऱ्या (ओढा) असतो, घाटी असते, नाहीतर खाडीचा फाटा असतो. म्हणून वाडी तिथे शाळा झाली. आज रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या अशा कितीतरी शाळांचा पट आठ, अकरा, सतरा असा आहे. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. जिथे शिक्षक मन लावून शिकवतात तिथे इयत्तांच्या रांगा केव्हाच मोडलेल्या असतात. दुसरीतली मुलगी चौथीच्या गटात गणित करते, चौथीतला मुलगा पहिलीच्या शेजारी बसून जोडाक्षरं पक्की करतो. प्रत्येक मूल आपल्या चालीने पुढे जातं. शाळा मोठ्या शाळेत विलीन झाली की पहिली जाते ती ही पद्धत, कारण तिथे इयत्ता आणि पाठ्यपुस्तकाचं पान ठरलेलं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळा, उभ्या करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्यासाठी नमुना म्हणून दाखवली गेली. असा प्रस्ताव तयार होतो तेव्हा टेबलावर मुख्यतः दोन आकडे असतात: पट आणि जवळच्या शाळेचं अंतर. खोलीत काय चालतं याला रकानाच नसतो. तेव्हा काम तीन बाजूंनी करायचं आहे. पट खरा दाखवायचा, अंतर खरं मोजायचं आणि मुलाच्या शिकण्याचा रकाना आपणच तयार करून फाइलला लावायचा. ही कामं पत्र यायच्या आधीची आहेत. पत्र आल्यावर मोर्चा निघतो, तालुक्याच्या पानावर बातमी येते आणि फाइल आहे तिथेच राहते.

आधी स्वतःशी खरं बोला

अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीवरून वाडीतल्या शून्य ते सहा वयाच्या मुलांची यादी काढा. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं कोणत्या वर्षी पहिलीत येतील ते पुढच्या पाच वर्षांसाठी मांडा. त्यातून चौथी पार करून जाणारी वजा करा. आज पट अकरा असून पाच वर्षांनी नऊ ते चौदा राहणार असेल, तर लढण्यात अर्थ आहे. पट तीन, तिन्ही एका घरातली, आणि अंगणवाडीत कुणीच नाही, अशी शाळा धरून ठेवणं त्या तीन मुलांच्याही भल्याचं नाही. तिथे सगळी ताकद चांगल्या वाहनाच्या मागणीवर लावावी.

दुसरा प्रश्न अवघड आहे. शाळेत प्रत्येक मुलाकडे खरंच वेगळं लक्ष जातं का? एकशिक्षकी शाळेत बाई किंवा गुरुजी पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि केंद्राच्या बैठका यांत अडकतात आणि मुलं फळ्यावरचं उतरवून घेत बसतात, हेही दिसतं. शाळा लहान आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही. तसं असेल तर आधी शिकवणं दुरुस्त करा, मग शाळा वाचवायला निघा. नाहीतर तपासणीला आलेला अधिकारी एका वहीत ते ओळखतो.

पट: ३० सप्टेंबरच्या आत

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात. शाळेत बसणारं मूल आणि सरकारी पोर्टलवर मोजलं जाणारं मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोकणात फरक पडतो तो बहुधा आधारमुळे. दाखल खारीज रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. जन्मतारखेत एका महिन्याचा फरक. बापाचं नाव मधेच गाळलेलं. अशी नोंद जुळत नाही आणि अकराचा पट कागदावर आठ होतो. जुलैतच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या नावांची यादी घ्या, दुरुस्तीसाठी पालकांना तालुक्याच्या आधार केंद्रावर एकत्र न्या आणि पावत्यांच्या झेरॉक्स शाळेत ठेवा.

आंबा-काजूच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, चिरेखाणीवरच्या कामगारांची मुलं आणि रायगडात वीटभट्टीवर जाणारी कातकरी मुलं या यादीतून हमखास सुटतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम १४). स्थलांतरित मुलांना प्रवेश देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे (कलम ९). आधार नसलेल्या मुलांची वेगळी यादी हजेरीच्या प्रतीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत्यक्ष पडताळणी करावी असं लेखी मागा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. त्याचं नाव पटावरून काढू नका.

पटाची खरी गळती मात्र पिवळ्या गाडीतून होते. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाची गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन थांबते. तिला अडवायला भाषणं चालत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणवाडीतल्या मुलांच्या आईवडलांना शाळेत बोलवा, पहिली-दुसरीतल्या मुलांना त्यांच्यासमोर वाचू द्या, आणि इंग्रजीचं काय शिकवता हे सरळ सांगा. शिमग्याला चाकरमानी गावात असतात, त्यांनाही बोलवा. घरच्या आईला गाडीचा आग्रह कधी कधी मुंबईहूनच होत असतो.

अंतर: फिता घ्या, नकाशा नको

राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत हवी. त्याच नियमात २० मुलांचा उल्लेख येतो आणि तो तुमच्या तोंडावर टाकला जाईल. उत्तर तयार ठेवा: तो आकडा शाळा कुठे काढायची यासाठी आहे, चालू शाळा बंद करा असं त्यात म्हटलेलं नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत दुसरीही एक तरतूद आहे आणि ती कोकणासाठी मोलाची आहे. अवघड भूभाग, दरडीचा किंवा पुराचा धोका, रस्त्याचा अभाव असेल तिथे मुलांचा धोका टळेल अशा बेताने ही अंतराची मर्यादा कमी करायची असते. म्हणजे साकव (छोटा पूल) नसलेला पऱ्या मधे असेल, तर ८०० मीटरवरची शाळासुद्धा शेजारची ठरत नाही असा मुद्दा मांडता येतो.

पण तो मोजमापाने मांडायचा. कार्यालयात अंतर बहुधा नकाशावर पाहिलं जातं, आणि नकाशावरची सरळ रेघ वळणावळणाच्या पाखाडीपेक्षा (पायऱ्यांच्या वाटेपेक्षा) नेहमी तोकडी असते. मोबाइलच्या ॲपवरही विसंबू नका. दाट झाडीत आणि दरीत त्याची रेघ उड्या मारते, अंतर फुगतं आणि मग तुमचं सगळंच मोजमाप संशयात जातं. ३० मीटरचा फिता घ्या. दोघांनी धरायचा, तिसऱ्याने लिहायचं. सुरुवात सगळ्यात लांबच्या घराच्या खळ्यापासून (अंगणापासून), शेवट प्रस्तावित शाळेच्या दारात. ३३ फिते आणि वर १० मीटर झाले की १ किलोमीटर भरला. प्रत्येक फित्याला एक ओळ: पाखाडी किती पायऱ्यांची, कठडा आहे की नाही, साकव लाकडी की सिमेंटचा, महामार्ग ओलांडावा लागतो का, रानातला टप्पा केवढा.

मग जुलैतल्या एखाद्या पावसाच्या दिवशी पहिलीतल्या मुलाला दप्तरासह, त्याच्या पालकासोबत, त्याच्या चालीने चालू द्या आणि घड्याळ लावा. जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा लिहा; घाटी चढताना दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. पंचनाम्यावर सरपंच, पोलीस पाटील आणि दोन पालकांच्या सह्या घ्या. मे महिन्यात मोजलेलं अंतर मीटरमध्ये तेच भरतं, पण पऱ्या कोरडा असतो आणि फोटोत रस्ता साधा दिसतो.

पंचनाम्याला जोडायचे पुरावे शाळेतच पडलेले असतात. हजेरीपत्रकात ‘पऱ्याला पाणी, वरच्या वाडीची मुलं गैरहजर’ असा शेरा ज्या ज्या दिवशी आहे त्या पानांच्या प्रती काढा. असा शेरा लिहायची पद्धत नसेल तर या पावसाळ्यापासून सुरू करा. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या सुट्ट्यांचे आदेश तारखेसह लावा. वाडी किंवा मधला रस्ता दरडप्रवण यादीत आहे का ते तहसील कार्यालयात विचारा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली त्यानंतर या यादीकडे कुणी सहज कानाडोळा करत नाही.

मूलनिहाय नोंद: फाइलचा गाभा

व्यक्तिगत चालीने शिकवणं हा काही शाळेचा खासगी हट्ट नाही. शिक्षण हक्क अधिनियमाचं कलम २९ कृतीतून व शोधातून शिकणं, शक्य तिथे मातृभाषा, भयमुक्त वातावरण आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगतं. त्यावर राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन आणलं. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनंही त्यात दिलेली आहेत. म्हणजे लहान शाळेत जे आपसूक घडतं, ते लिहायला सरकारी चौकट आधीपासून आहे. दुखणं एवढंच की वर्णनात्मक नोंदी वर्षअखेरीस एका बैठकीत भरल्या जातात आणि चौदाही मुलांसमोर ‘वाचनात आवड दाखवतो’ हेच वाक्य पडतं. अशी वही फाइलला लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

चौदा मुलं असतील तर प्रत्येकाच्या महिन्याला तीन नोंदी म्हणजे ४२. शाळेचे बावीस दिवस धरले तर दिवसाला दोन. एवढं जमतं. नोंद कशी हवी ते पाहा:

‘१२ ऑगस्ट. इ. २ री. हातच्याची बेरीज. काजूच्या बिया दहा-दहाच्या ढिगात मांडून २७ + १५ = ४२ बरोबर सांगितलं. कागदावर उभ्या मांडणीत ३१२ लिहिलं. १२ चा दशक पुढच्या घरात नेत नाही. उद्या: ढीग केला की लगेच वरच्या घरात १ लिहायचा.’ आणि खाली ‘१९ ऑगस्ट. सहा पैकी पाच बरोबर. बियांशिवाय.’

या दोन ओळींत मूल कुठे अडलं, का अडलं, काय केलं आणि काय झालं ते सगळं आलं. बियांनी बरोबर आणि कागदावर चूक हा फरक पस्तीस मुलांच्या वर्गात बाईंच्या नजरेस पडेलच असं नाही, आणि लहान वर्गाची बाजू मांडायला याहून चांगला पुरावा नाही. सोबत मुलाच्या हातच्या कामाचे नमुने ठेवा. भाषेचे चार आणि गणिताचे चार, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चचा प्रत्येकी एक. चुकांसकट, मूळ कागद, वर तारीख. शिक्षकांनी लाल शाईने सगळं दुरुस्त केलेला कागद नमुना म्हणून निरुपयोगी, कारण मुलाचं काय आणि बाईंचं काय ते कळत नाही.

घरात मालवणी, संगमेश्वरी, कातकरी किंवा नेपाळी बोलणाऱ्या मुलासाठी एक पान जास्त: कोणते शब्द घरच्या भाषेतून आले, वाचन कधी सुटं झालं. अपंग मूल असेल तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांकडून त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लेखी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ अशा मुलाला शेजारच्या शाळेचा हक्क देतं; त्याला दोन डोंगरांपलीकडे पाठवण्याचा प्रस्ताव तिथेच लंगडा पडतो. आणि पाचवीच्या वार्षिक परीक्षेकडे दुर्लक्ष नको. शाळा पाचवीपर्यंत असेल तर मुलांना लेखी परीक्षेचा सराव द्या, कारण वर्षभराच्या सुंदर नोंदी एका नापासाच्या आकड्याखाली दबतात.

ठराव आणि सह्या

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, बैठक महिन्याला हवी, मुदत दोन वर्षांची. मुदत संपलेल्या समितीचा ठराव पहिल्याच फेरीत बाद होतो, म्हणून आधी तारीख पाहा. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं समितीचं काम आहे. त्यात पाच वर्षांचा पट, अंतराचा पंचनामा आणि मूलनिहाय शिक्षणाची पद्धत लिहून ठेवा, म्हणजे नंतर ‘हे आत्ता सुचलं का’ असं कुणी म्हणणार नाही.

ग्रामसभेचा ठराव वेगळा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. विषय नोटिशीत आधी छापून आलेला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये घातलेला ठराव कच्चा असतो. ठरावात भावना कमी आणि मागणी नेमकी: शाळा आहे त्या ठिकाणी सुरू ठेवावी, ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे अधिनियमाच्या परिशिष्टातलं प्रमाण पाळावं, पंचनामा सोबत जोडला आहे.

पालकांच्या सह्यांबाबत फार जपा. विलीनीकरण बहुतेकदा ‘पालकांच्या संमतीने’ होतं. बैठकीच्या हजेरीचा कागद पुढे संमतीपत्र म्हणून लागू शकतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘फक्त उपस्थितीसाठी’ लिहा, शेवटच्या सहीखालची मोकळी जागा तिरकी रेघ मारून बंद करा, कोऱ्या कागदावर कुणीही सही करू नये. शाळा सोडल्याचे दाखले मागण्याचे छापील अर्ज घरोघर फिरू लागले तर समजा की आदेश मागून येतोय.

आदेश न निघताही शाळा बंद पडू शकते. एक शिक्षक बदलीने जातो, त्याच्या जागी आठवड्यातून दोन दिवस कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) कुणी येतं, दारं बंद दिसू लागतात, पालक मुलं काढतात, पट पाचवर येतो. म्हणून शिक्षक हजर नसलेला प्रत्येक दिवस समितीच्या वहीत लिहा आणि दर महिन्याला त्याचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

पत्र आल्यावर

पहिल्या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: प्रस्तावाची प्रत, अंतर कोणी, कधी, कसं मोजलं त्याची नोंद, वाहतुकीची तरतूद. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. अपिलाला २० रुपये.

त्याच वेळी कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत, दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडला मुंबईच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्जदार म्हणून आईचं नाव पुढे ठेवा.

‘नाही’ म्हणणाऱ्या पत्राबरोबर दुसरा प्रस्ताव जोडला तर अधिकाऱ्यालाही काही लिहायला मिळतं. मोठ्या शाळेत ग्रंथालय, खेळाचे गडी, संगणक आहेत हे खरंच आहे, ते नाकारू नका. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सातव्या प्रकरणात शाळा संकुलाची कल्पना मांडतं आणि तिथेच बजावतं की शाळांचं एकत्रीकरण फार विचाराने, आणि मुलांच्या पोहोचण्यावर परिणाम होणार नसेल तरच करावं. तेव्हा मागा: शनिवारी केंद्रशाळेत चार वाड्यांच्या मुलांचे एकत्र खेळ, महिन्याला फिरणारी पुस्तकपेटी, आठवड्यातून एक दिवस इंग्रजीचे शिक्षक वाडीत. गाडी मुलांसाठी रोज चालवण्यापेक्षा शिक्षकासाठी आठवड्यातून एकदा चालवणं स्वस्त पडतं. हा हिशेब रुपयांत करून जोडा.

शाळेच्या जागेचा सातबाराही काढून ठेवा. कोकणात कितीतरी शाळा कुणा खोताने किंवा भावकीने दिलेल्या जमिनीवर आहेत आणि नाव अजून सामाईकात आहे. बक्षीसपत्रात ‘शाळेसाठी’ अशी अट असेल तर ती इमारत दुसऱ्या कामाला घेताना आड येते. वारसांपैकी कुणाला जमीन परत हवी असेल तर तीच अट उलटते, म्हणून आधी त्यांच्याशी बोला.

संस्थेने चालवलेल्या प्रयोगशील शाळेची गोष्ट वेगळी. तिथे पहिली तपासायची ती मान्यता. कलम १८ खाली मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास १ लाखापर्यंत दंड, आणि पुढे रोज १० हजारांपर्यंत. मान्यतेचं प्रमाणपत्र हाती असेल तर त्याच राष्ट्रीय धोरणाचं सहावं प्रकरण पर्यायी पद्धतीच्या शाळांना आपली शैली जपायला प्रोत्साहन देण्याचं म्हणतं, ते पुढे करता येतं. फक्त राज्याच्या अध्ययन निष्पत्तींशी (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्या यादीशी) आपला अभ्यासक्रम ओळीला ओळ जुळवलेला तक्ता सोबत हवा.

सगळं करूनही आदेश झाला, तर दोन गोष्टी लेखी मिळवा. ‘कायमस्वरूपी’ ऐवजी ‘तात्पुरते समायोजन’ हा शब्द आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) गोठवला जाणार नाही याचं उत्तर, कारण क्रमांक गेला की परत शाळा सुरू करणं म्हणजे नवी शाळा मागणं. वाहनाचा मार्ग, वेळ, मदतनीस बाई आणि पावसात गाडी न आल्यास काय, हेही आदेशातच यायला हवं. तोंडी आश्वासन गणपतीपर्यंतही टिकत नाही. आणि मूलनिहाय वह्या मुलांबरोबर जाऊ द्या. दाखल्यावर फक्त ‘इ. २ री’ असतं. नव्या बाईंना २७ + १५ चा कागद पहिल्या दिवशी मिळाला तर त्या मुलाला पुन्हा पान एकपासून बसवणार नाहीत. पोच म्हणून त्यांची सही घ्या.